भाच्याचं कोपर दुखतंय आणि त्याला नकलबॉल शिकायचाय

गणपती पेठ, सांगली

राम राम मंडळी. बहिणीचा मुलगा, वय 15, दहावीत, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. (‘म्हणजे सॉफ्टबॉलच ना?’ असं कृपया विचारू नका, उत्तरं देऊन दमलोय.) मागच्या महिन्यात एका स्पर्धेत एकाच दिवशी दोन मॅच होत्या, दोन्ही यानेच टाकल्या. मी आडत दुकानातला माणूस, हळदीची पोती मोजायची सवय. चार उभ्या रेघा, एक आडवी, असं पाकिटाच्या मागे मोजत बसलो होतो. 131 बॉल. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या डाव्या हाताने दात घासत होता. आमच्या आईने कोपराला हळदीचा लेप लावला. सांगलीत दुसरं काय लावणार.

आता त्याला मोबाइलवर नकलबॉल (जवळजवळ गिरकी न देता टाकलेला, हवेत डुलणारा बॉल) टाकणारा आर. ए. डिकी नावाचा पिचर सापडलाय. म्हणतो, ‘मामा, त्याच्या कोपरात लिगामेंटच (हाडाला हाड बांधणारा पट्टा) नव्हतं, तरी अमेरिकेत एक नंबर झाला. नकलबॉलला ताकद लागत नाही, मग कोपर दुखेलच कसं?’ बहिणीची नेलफाइल गायब आहे, रोज बसून नखं घासतो. यात तथ्य किती? आणि शिकू द्यावं का?

टेनिसबॉल कराड

क्रिकेटमध्ये कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की फेकी म्हणून हाकलतात, तिकडे त्याचेच करोडो देतात. तज्ज्ञ येतीलच. तोवर मी भडंग घेऊन बसलोय.

यवतेश्वर घाट

मामा, आधी 131 चं बोलू. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल या संघटनेने पोरांसाठी मर्यादा आखून दिल्यात. 15-16 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल टाकायचे आणि 75 च्या वर गेला की पुढचे चार दिवस पिचिंग बंद. तुमच्या पाकिटावरच्या रेघा तिकडच्या कोचला दाखवल्या तर तो खुर्चीवरून उठेल.

मी विद्यापीठाकडून तीन वर्षं पिचिंग केलं. आमच्या वेळी कोण मोजत होतं! आज उजवा हात पुरता सरळ होत नाही. पाहुण्यांना चहा देताना अर्धं पाऊल पुढे सरकावं लागतं. बायको म्हणते, हात आखडता घ्यायची सवय जुनीच आहे.

आता डिकी. पोराने गोष्ट अर्धीच वाचलीय. 1996 साली मेजर लीगच्या टेक्सास रेंजर्स टीमने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या फेरीत घेतलं, 8 लाख 10 हजार डॉलरची बोली झाली. मग एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला आणि टीमच्या ट्रेनरला त्याचा उजवा हात काहीतरी विचित्र लोंबतोय असं वाटलं. तपासलं तर कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट जागेवरच नाही. रक्कम थेट 75 हजारांवर आली. गड्याने तरी सही केली.

तेव्हा तो नकलबॉल टाकत नव्हता बरं का. पुढची नऊ वर्षं साधंच पिचिंग, बहुतेक मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगमध्ये. साखर कारखान्याच्या हंगामी कामगारासारखं समजा: बॉयलर पेटला की बोलावणं, विझला की घरी. 2005 ला रेंजर्सनीच त्याला नकलबॉलकडे वळवलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. एप्रिल 2006 मध्ये नकलबॉलर म्हणून पहिल्यांदा मॅच सुरू करायला उतरला आणि सहा होमरन (आपल्या षटकारासारखे) खाल्ले. परत मायनर. मग 2012 ला न्यूयॉर्क मेट्सकडून 20 विजय, 230 स्ट्राइकआउट (बॉल न लागता बाद केलेले फलंदाज) आणि मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. तो मोसम खेळला तेव्हा वय होतं 37. तुमचा भाचा 37 चा कधी होणार ते तुम्हीच मोजा, चार उभ्या एक आडवी.

लिगामेंटचं म्हणाल तर त्याच्याकडे ते नव्हतंच, त्यामुळे फाटायचा प्रश्न नव्हता. तुमच्या पोराकडे आहे. ते फाटलं की जे ऑपरेशन करतात त्याला नावच पिचरचं आहे, टॉमी जॉन. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवली. 1975 चा अख्खा मोसम गेला. पुढे तो 1989 पर्यंत खेळला, ऑपरेशननंतर 164 मॅच जिंकला. हे वाचून पोरं म्हणतात, मग काय, ऑपरेशन आहेच की! अरे, तो तिशी ओलांडलेला होता. पंधराव्या वर्षी कोपरातली हाडांची टोकंच अजून कच्ची असतात.

आणि ताकद लागत नाही हे कोणी सांगितलं? डिकीचा नकलबॉल ताशी 120 किलोमीटरच्या वर जायचा. बोटांची टोकं, म्हणजे नखंच, शिवणीमागे रोवायची, मनगट न वळवता बॉल ढकलल्यागत सोडायचा. साधा फास्टबॉल फलंदाजापर्यंतचे 18.44 मीटर जाईपर्यंत पंधराएक गिरक्या घेतो, म्हणून रेषेत राहतो. नकलबॉलने एखादीच घ्यावी. मग वारा शिवणीला कुठे धरेल तसा बॉल कटलेल्या पतंगासारखा डुलतो. टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पकडणाऱ्याचे तर हालच. पुढे टोरंटोच्या टीमने डिकीला घेतलं तेव्हा त्याचा कॅचर (बॉल पकडणारा) जॉश थोल यालाही सोबत घेतलं, ते उगीच नाही.

शिकू दे की. पण कोपर बरं झाल्यावर.

कोरेगाव स्टँड

+1. करिअरचा विषय निघालाच आहे तर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल आठवा. दोघेही भालाफेकवाले, 2008 च्या टीव्ही स्पर्धेतून निवडले आणि मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमने करार केला. दिनेश 2010 ला परत. रिंकू मायनरमध्ये टिकला, पण कोपराने दगा दिला, पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. मेजरमध्ये दोघांनी एकही बॉल टाकला नाही. इथे निदान दहावीला सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवा.

विश्रामबाग कट्टा

सांगलीकरांना कोपराचं काय सांगायचं. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला आपला वेटलिफ्टर संकेत सरगर सोन्याच्या दारात होता, क्लीन अँड जर्कला कोपर गेलं आणि 1 किलोने रौप्यावर आला. ती लिफ्ट भाच्याला दाखवा.

अवांतर: डिकी 2012 च्या सुरुवातीला किलिमांजारो चढला, तो मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे गोळा करायला. साय यंगचा मोसम त्यानंतरचा.

गणपती पेठ, सांगली

सगळ्यांचे आभार. काल मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. फाटलेलं काही नाही, सूज आहे. सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही. घाट साहेब, तुमचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला. चहाच्या कपापर्यंत गप्प ऐकत होता, मग हळूच स्वतःचा हात सरळ करून बघितला.

दुकानातून नवी चोपडी आणून दिलीय: तारीख, किती बॉल, किती दिवस सुट्टी. पहिल्या पानावर 131 मी लाल शाईने लिहिलंय. नेलफाइल सापडली, कंपासमध्ये होती. कॅचरचा जुना मोठा ग्लोव्ह कुणाकडे पडून असेल तर व्यनि करा, सहा आठवड्यांनी समोर बसायची पाळी बहुतेक माझ्यावरच येणार.