शब्दचर्चा: ‘व्हिजिटर’ला फाटकावर काय म्हणावं?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस बघतो. फाटकावरची वही नव्याने छापायची आहे. मालकांना ‘व्हिजिटर’ नको, मराठी हवं. अभ्यागत की पाहुणा? आणि ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा की सुरक्षितता?

– ‘अभ्यागत’ चूक नाही. अभि अधिक आगत, म्हणजे समोर येऊन ठेपलेला. ‘अतिथी-अभ्यागत’ ही जोडी जुनीच, सरकारी इमारतींत ‘अभ्यागत कक्ष’ही असतो. पण सुताची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर स्वतःला अभ्यागत समजेल का?

– ‘पाहुणा’ तर मुळीच नको. आपल्या सोलापुरात सोयराही पाव्हणा आणि रस्त्यावरचा अनोळखीही पाव्हणा. वाचमनने ‘पाव्हणं, कुणाकडं आलाव?’ म्हणावं, तोंडी ते झकास. वहीत लिहिलंत तर मालकांचा मेहुणा समजून कुणी बॅगही उघडायला सांगणार नाही.

– सगळ्यांना एकाच शब्दात कोंबायचं कशाला? गाडीवाले, व्यापारी, दुरुस्तीचे मिस्त्री, कामगारांच्या घरचे, अशी वेगळी पानं करा. प्रत्येकाला विचारायचं वेगळं असतं. गाडीवाल्याचं चलन आणि गाडी नंबर. मिस्त्रीने आत काय हत्यारं नेली आणि जाताना तीच नेली का. व्यापाऱ्याला ज्याने बोलावलं त्याला फोन लावल्याशिवाय आत सोडायचं नाही. वर मथळा साधा ‘बाहेरून आलेले’. आणि ‘बाहेर पडल्याची वेळ’ हा रकाना ठळक छापा. बहुतेक वह्यांत तोच कोरा असतो, आणि आग लागली तर आत नेमकं कोण अडकलंय हे त्याच्यावरूनच कळतं.

– दुसऱ्या प्रश्नाचं: घोळ जुना आहे. 4 मार्चला कारखान्यांत होतो तो ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन’, पण विषय अपघात टाळण्याचा. म्हणजे ‘सुरक्षा’ दोन्हीकडे राबते. मी मागापाशी ‘सुरक्षितता’ लिहीन (ओढणी, पदर, सैल बाह्या सांभाळा वगैरे) आणि फाटकावर ‘पहारा’. हा शब्द प्रहरावरून आलाय. प्रहर तीन तासांचा, तुमची पाळी आठ तासांची, एवढाच फरक!

प्रश्नकर्ता: पटलं. पण फाटकावर ‘येथे झडती घेतली जाईल’ अशी जुनी पाटी आहे. ती राहू द्यावी?

– काढा. झडती पोलीस घेतात, चोराची. ‘बॅग दाखवून आत यावे’ पुरे. आणि बायकांच्या पर्स बघायला बाईच बसवा.