बारावीनंतर बीएफए (चित्रकलेची पदवी) की बी.डिझाइन (डिझाइनची पदवी)? वेंगुर्ल्याहून विचारतेय

मी बारावी सायन्सला आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा झाल्यात. आई तयार आहे, बाबा म्हणतात नर्सिंगला जा. सायन्स वाया जाईल का? कुठली परीक्षा देऊ?

सावंतवाडीकर: काही वाया जात नाही गो. दोन्हीकडे कुठल्याही शाखेची बारावी चालते, दोन्ही पदव्या चार वर्षांच्या. बीएफएला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा: वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवणीतून), संकल्पचित्र (रंगीत डिझाइन) आणि सामान्यज्ञान. आयआयटीच्या बी.डिझाइनला यूसीड ही प्रवेश परीक्षा, तिथे चित्रासोबत तर्क आणि निरीक्षणही तपासतात.
मी उपयोजित कला (अप्लाइड आर्ट) केली, आता इथल्या लाकडी खेळण्यांची खोकी डिझाइन करतो. घर त्यावरच चालतं, बाबांना सांग.
वस्तुचित्र मात्र रोज कर. पितळेचा तांब्या आणि सोललेला नारळ खिडकीपाशी ठेव. तांब्याच्या पोटावरची सावली नीट बघ: ती काळी नसते, नारळाचा तपकिरी तिच्यात उतरलेला असतो. हे दिसायला लागलं की हात आपोआप वळतो. फोटोवरून कॉपी अजिबात नको!

चिपळूणची ताई: मुंबईच हवी असं नाही. आपल्याकडे सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखलाही कला महाविद्यालय आहे. बाबांनाच सोबत ने, मुलांची कामं त्यांना बघू दे. फी भरण्याआधी पदवी की पदविका, ते स्पष्ट विचार.

प्रश्नकर्ती: थँक्यू दादा, ताई. संकल्पचित्राला पोस्टर कलर चालतील ना?

सावंतवाडीकर: चालतील. सपाट रंग एकसारखा बसेपर्यंत सराव कर.