मदत हवी आहे : अपघाताच्या तपासात रस्त्याचाही विचार व्हावा यासाठी काय मागू?

मंडळी, अपघात तपासणीतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाची गाडी भर पावसात एका वळणावर घसरली आणि कडेच्या झाडावर आदळली. तो अजून अतिदक्षता विभागात आहे. प्राथमिक अहवालात कारण म्हणून दोनच शब्द आहेत : चालकाचा अतिवेग. घसरल्याची खूण ३० मीटर, त्यावरून वेग ताशी ७३ किलोमीटर. मर्यादा ६० ची.

मी गणित मांडून पाहिलं. घर्षणांक (टायरला रस्त्याची पकड किती, त्याचा आकडा) ०.७ धरला की बरोब्बर ७३ येतात. पण ०.७ हा कोरड्या डांबराचा आकडा आहे हो! ओल्या, गुळगुळीत रस्त्याला ०.४ धरला तर ५५ च येतात. त्या जागी घर्षण कुणी मोजलेलंच नाही. परवा मी स्वतः जाऊन आलो. चाकांच्या पट्ट्यात डांबर वर आलंय, खडी दिसतच नाही, तळहात फिरवला तर काचेसारखं लागतं. झाडाच्या खोडावर धडकांचे दोन जुने व्रणही आहेत.

भावाची चूक असेल तर असेल. पण तिथे चौथी गाडी जाऊन आदळू नये एवढंच वाटतं. फिनलंडमध्ये जीवघेण्या अपघातांचा तपास पोलीस, डॉक्टर, वाहनतज्ज्ञ, रस्तातज्ज्ञ एकत्र करतात आणि दोष कुणाचा हे ठरवणं त्यांच्या कामातच नसतं. तसा तपास इथे व्हावा म्हणून काय मागू? आणि गाडी भंगारात जायच्या आत काय जपायला सांगू?

प्रतिसाद :
भाऊ लवकर बरा होवो. आधी गाडीचं बघा. आहे तशी ठेवा म्हणून आजच लेखी अर्ज द्या. कुणालाही ती चालू करू देऊ नका. एअरबॅगच्या नियंत्रकात बऱ्याचदा धडकेआधीच्या सुमारे ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदलेला असतो. टायरची नक्षी, सीटबेल्टवरचे ताणाचे ओरखडे, सगळं बोलतं. साध्या बल्बची तारसुद्धा : पेटलेली असताना धडक बसली तर ती ताणली जाते.

आता एक कटू गोष्ट. तुमचे ५५ हे खुणेच्या शेवटी गाडी थांबली असती तर. ती झाडावर आदळली, त्यामुळे उरलेला वेग चेपलेल्या पत्र्यावरून काढून दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं. झाडापाशी ४० उरला असेल तर सुरुवातीला सुमारे ६८ होता. अर्थात त्यांचे ७३ सुद्धा तितकेच अर्धवट आहेत.

खुणेचे फोटो आहेत का? तिच्यात तिरक्या रेघा असतील तर गाडी आडवी फिरत घसरली. मग हे सूत्रच लागू होत नाही, खुणेच्या वाकाची त्रिज्या आणि घर्षण यांवरून वेग काढतात. रस्त्यासाठी तीन गोष्टी नाव घेऊन मागा : ओल्या पृष्ठभागाची घर्षण चाचणी, वळणाचा आडवा उतार, आणि याच वळणावरच्या गेल्या पाच वर्षांतल्या अपघातांची यादी. ‘रस्ता खराब आहे’ एवढंच लिहिलंत तर अर्ज बाजूला पडेल.

धागाकर्ता :
मनापासून आभार. ६८ वाचून पोटात कालवलं, पण खरं ते कळू दे. फोटो मोठा करून पाहिला, तिरक्या रेघा आहेत! खूण अजून पुसटशी दिसते. त्रिज्या कशी मोजायची?

प्रतिसाद :
खुणेवरच्या दोन बिंदूंमध्ये २० मीटरचा दोर ताणा आणि मध्यावर खूण दोरापासून किती सेंटिमीटर बाहेर आहे ते लिहून आणा. पुढचं मी काढून देतो. वाहतूक अडवून धरायला पोलिसांना सोबत घ्या, त्याशिवाय रस्त्यात उतरू नका.