सहावीतील मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी स्वतःच्या हाताने करता येईल असा प्रयोग सुचवावा

प्रश्न (पालक, सातारा)

नमस्कार. माझी मुलगी सहावीत शिकते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि त्यातून निवडलेले प्रकल्प तालुकास्तरावर जाणार आहेत. ज्वालामुखी, जलचक्र, पवनचक्की अशा तयार प्रतिकृती दुकानात मिळतात आणि पुष्कळ मुले त्याच मांडतात. मला मात्र तिने स्वतः काहीतरी करून पाहावे, त्यात तिला गंमत वाटावी आणि परीक्षकांनी विचारले तर पाठ केलेले उत्तर न देता जे पाहिले ते सांगता यावे, असे मनापासून वाटते. जाळ, काचेचे सामान किंवा विकतची रसायने नसावीत आणि खर्च दोनशे-तीनशे रुपयांच्या आत असावा. आता डिसेंबरचा पहिला आठवडा चालू आहे, म्हणजे हाताशी बराच वेळ आहे. धाकटा मुलगा तिसरीत आहे. ताईचे पाहून त्यालाही काहीतरी करायचे असते, म्हणून त्याच्या वयाला झेपेल असेही काही सुचवल्यास आभारी राहीन.

उत्तर १ (निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज)

ताई, हळदीपासून सुरुवात करावी. हळद थोड्या पाण्यात कालवून तो लेप टिपकागदाला दोन्ही बाजूंनी लावावा, कागद सावलीत वाळवावा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. या पट्टीवर अंगाच्या साबणाचे पाणी टाकले की ती लालसर होते, चुन्याच्या निवळीने गडद लाल होते आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, याच गुणावर पारंपरिक कुंकू बनते, हे मुलीला आजीकडूनही ऐकायला मिळेल.

हळदीची मर्यादा अशी की ती केवळ आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे (साबण, चुना, सोडा असे) पदार्थ ओळखते. लिंबू, चिंच किंवा ताक लागले तरी कोरडी पट्टी पिवळीच राहते. म्हणून सोबत जास्वंद घ्यावी. लाल पाकळ्यांवर गरम पाणी ओतून (हे काम मोठ्यांनी करावे) ते तासभर झाकून ठेवले की गडद रंगाचे पाणी मिळते. त्यात लिंबू पिळल्यास ते गुलाबी-लाल होते आणि सोडा टाकल्यास हिरवे होते.

एवढ्यावर थांबू नये, कारण रंग बदलून दाखवणे बहुतेक मुलांना ठाऊक असते. मुलीने एक प्रश्न ठरवावा. घरातला अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर आणि शाम्पू यांपैकी कशाने पट्टी सर्वांत गडद लाल होते? शाम्पूने पट्टी बहुधा बदलणार नाही आणि तेच तिला आश्चर्याचे वाटेल. खाण्याच्या सोड्याने रंग फिका लालसर येतो, तर धुण्याच्या सोड्याने गडद येतो. त्यामुळे रंगाच्या छटेवरून आम्लारीपणाचा कमी-अधिकपणा कळतो, हे ती स्वतः शोधू शकेल. सर्व पदार्थ समान प्रमाणात, म्हणजे अर्धा चमचा प्रत्येकी अर्ध्या वाटी पाण्यात, घ्यावेत, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. धुण्याचा सोडा आणि चुना हाताळताना मोठे माणूस जवळ असावे. वाळलेल्या पट्ट्या वहीत चिकटवल्या की मांडणीचा तक्ता आपोआप तयार होतो.

उत्तर २ (तालुकास्तरावरील माजी परीक्षक, फलटण)

सरांनी सांगितलेला प्रयोग चांगला आहे. मी दुसरा सुचवते, कारण तो ऋतूला धरून आहे. संक्रांतीची सुगडे आता बाजारात येऊ लागतील. कुंभाराकडे तर आताही मिळतील. एकाच मापाची दोन सुगडे घ्यावीत. एकाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात देऊन पूर्ण वाळू द्यावे, दुसरे तसेच ठेवावे. तिसरे भांडे म्हणून साधारण तेवढेच पाणी मावेल असा स्टीलचा तांब्या घ्यावा. आदल्या रात्री सुगडे पाण्याने भरून ठेवावीत, म्हणजे माती पाणी पिऊन ओली होते. सकाळी तिन्ही भांड्यांत सारखेच ताजे पाणी घालावे, तोंडावर ताटली ठेवावी आणि ती सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावीत. दर तासाला तापमान आणि सकाळ-संध्याकाळ किराणा दुकानातील काट्यावर वजन, एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत.

उघड्या सुगडाचे पाणी सर्वांत गार होईल आणि त्याचेच वजन सर्वांत जास्त घटेल. या दोन गोष्टी एकत्र दिसणे हेच प्रयोगाचे सार आहे. मातीच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी, बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. रंगाने छिद्रे बुजली की हे थांबते. पुष्कळ मुले 'मातीचा गुण थंड असतो' असे सांगतात. रंगवलेले सुगडही मातीचेच असते आणि तरीही ते तितके गार होत नाही, हे दाखवणारी मुलगी माझ्यासारख्या परीक्षकाला लगेच थांबायला लावते. पावसाळ्यात कोकणातला माठ फारसा गार का होत नाही, याचेही उत्तर यातूनच तिला देता येईल.

थर्मामीटर घेताना काळजी घ्यावी. तापाचा थर्मामीटर साधारण ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही, म्हणून तो येथे निरुपयोगी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून लाल द्रवाचा साधा थर्मामीटर मागून घ्यावा, पाऱ्याचा नको.

उत्तर ३ (भूगोल शिक्षिका, नागपूर)

मला आपल्या मुलीला एका प्रयोगात सहभागी करून घ्यायला फार आवडेल. सपाट अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने तपासून सरळ उभी करावी आणि दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली हीच खऱ्या माध्यान्हीची सावली होय आणि तिची दिशा अचूक उत्तर असते. घड्याळात मात्र तेव्हा बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सातारा त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे या दिवसांत माध्यान्ह साडेबारा ते पाऊण या वेळेत होते. होकायंत्राशिवाय उत्तर दिशा सापडणे आणि घड्याळातील व सूर्याची वेळ वेगळी असणे, या दोन्ही गोष्टी मुलांना खूप आवडतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता खरी गंमत. २२ डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात ही सावली सुमारे ८७ सेंटिमीटर आणि नागपुरात सुमारे ९९ सेंटिमीटर भरेल. हे आकडे मुलीला आधी सांगू नयेत, तिने मोजू द्यावेत. आमच्या शाळेतील मुले त्याच दिवशी नागपुरात मोजतील आणि आपण आकडे एकमेकांना कळवू. दोन्ही सावल्यांवरून सूर्यकिरणांचे कोन काढले, तर त्यांतला फरक सुमारे साडेतीन अंश येतो. दोन्ही गावांमधले केवळ दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे ३८५ किलोमीटर भरते. साडेतीन अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती, या त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ निघतो; खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हीच युक्ती वापरली होती. कोन कोष्टकावरून काढायला मोठ्यांनी मदत करावी. मोजणीत मात्र काटेकोरपणा हवा, कारण एका ठिकाणी सावलीत एक सेंटिमीटरची चूक झाली तर परिघाच्या उत्तरात जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. हेही तिने तक्त्यावर लिहावे. परीक्षकांना ते आवडेल.

पुढे संक्रांतीच्या दिवशी तीच काठी पुन्हा लावावी. साताऱ्यात सावली सुमारे ८१ सेंटिमीटर भरेल. म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे सरकणे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच सुरू झालेले असते, हे तिला स्वतःच्या मोजणीवरून म्हणता येईल. सूर्याकडे थेट पाहू नये, हे तिला आधीच बजावून ठेवावे.

उत्तर ४ (पालक, पुणे)

धाकट्यासाठी झोका पुरेल. दोऱ्याच्या टोकाला एक नट बांधावा, दोऱ्याची लांबी २५ सेंटिमीटर ठेवावी आणि दहा झोक्यांना (जाऊन परत आला की एक झोका) लागणारा वेळ मोबाईलवर मोजावा. तो साधारण दहा सेकंद येतो. एकाऐवजी तीन नट बांधले तरी वेळ जवळपास तोच राहतो आणि लहान मुलांना हे पटतच नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजतात. मग लांबी एक मीटर करावी. चौपट लांबीला वेळ चौपट न होता केवळ दुप्पट, म्हणजे सुमारे वीस सेकंद, होतो. लांबी गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी आणि झोका लहान ठेवावा.

टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची असतील, तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर अनेक खेळण्यांची कृती विनामूल्य पाहता येते. त्यांनी पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मुलीने सर्व उत्तरे स्वतः वाचली आणि सावलीचा प्रयोग निवडला. नागपूरच्या मुलांबरोबर मोजायचे आहे, याचाच तिला अधिक आनंद झाला आहे. हळदीच्या पट्ट्यांसाठी टिपकागदही तिने आणून ठेवला आहे. तिचा एक प्रश्न आहे. २२ डिसेंबरला दोहोंपैकी एका गावी ढग आले तर सगळे वाया जाईल का?

उत्तर (भूगोल शिक्षिका, नागपूर)

अजिबात नाही, आणि हा प्रश्न तिने विचारला याचे मला फार कौतुक वाटते. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्याचे दक्षिणेकडे सरकणे जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे १८ ते २६ डिसेंबर या काळात माध्यान्हीच्या सावलीत सुमारे तीन मिलिमीटरहून अधिक फरक पडत नाही. हाच प्रयोग मार्चमध्ये केला असता, तर एका दिवसाच्या अंतरानेही कोनात सुमारे ०.४ अंशाचा फरक पडला असता आणि दोन्हीकडे एकाच दिवशी मोजणे अत्यावश्यक झाले असते. तेव्हा आपण १८ तारखेपासून रोज मोजू, ज्या दिवशी दोन्हीकडे ऊन असेल ते आकडे प्रथम घेऊ आणि तसा दिवस मिळालाच नाही, तर या आठवड्यातील कोणतेही दोन दिवस चालतील. काठीची लांबी दोन्हीकडे अगदी १०० सेंटिमीटरच हवी. ती जमिनीवर पत्र्याच्या डब्यातील ओल्या वाळूत रोवणार असाल, तर वाळूच्या वर दिसणारी लांबी मोजावी आणि सावलीही त्याच पातळीवर पडेल अशी फळी शेजारी ठेवावी.