जुनी पद्मिनी घ्यायची आहे : आधी शेड की आधी गाडी?

देवरुख-पुणे :

मंडळी, नमस्कार. गेली चार वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मामाकडे पांढरी प्रीमियर पद्मिनी होती. मे महिन्यात आम्ही आठ भावंडं त्यात कोंबून गणपतीपुळ्याला जायचो. पुढच्या सलग सीटवर मधे बसणाऱ्याने गिअर पडताना मामाचा हात चुकवायचा, हा खेळ. ती गाडी मामाने विकली तेव्हा मी नववीत होतो. आता वय ४३, नोकरी पुण्यात, पण महिन्यातले दहा दिवस देवरुखजवळ गावी असतो. तिथे घराच्या मागे जागा आहे.

दोन गाड्या पाहिल्यात. पहिली मुंबईत. चकाचक पांढरी, नवं रेक्झिन, नवे व्हीलकॅप. विकणारा म्हणतो १९९६ ची आहे, 'आधी टॅक्सी होती, आता प्रायव्हेट करून घेतली'. १ लाख ९० हजार सांगतोय. दुसरी कोल्हापुरात. १९८२ ची, एकाच घरात राहिलेली, रंग उडालेला, सहा वर्षं जागची हललेली नाही. ते ८५ हजार म्हणतात.

शेडचा बेत असा : १० बाय १६ फूट, विटांची भिंत, वर पत्रा, मधे खाली उतरून काम करायला खड्डा. बायको म्हणते आधी गाडी तर आण, तोवर ताडपत्री घालू. कोणती घेऊ? शेडचं बरोबर आहे का? हत्यारं काय लागतील? मला स्टेपनी बदलण्यापलीकडे काही येत नाही, हे आधीच कबूल करतो.

परळवाला :

मुंबईची सोडा. टॅक्सीची प्रायव्हेट झालेली पद्मिनी म्हणजे २० वर्षं दिवसरात्र दोन शिफ्टमध्ये पळालेली गाडी. मुंबईत टॅक्सीला वयाची २० वर्षांची अट होती, शेवटची नोंदलेली पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. वय संपल्यावर बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या, काही अशा 'नव्या' होऊन बाहेर आल्या. चकाचक रंगाच्या खाली काय आहे ते लोहचुंबक सांगेल. फ्रिजवरचा चुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि दरवाजाच्या खालच्या वीतभर भागावर फिरवा. चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी (रंगाखाली खड्डे भरायची पुट्टी). मी एकदा पाहिलेल्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर चुंबक कुठेच थांबेना, अख्खं मडगार्ड लांबीचं होतं. पेंटर कलाकार होता, एवढं मान्य करायला हवं.

लांज्याचा फिटर :

देवरुखकर, मी एसटीच्या डेपोत ३१ वर्षं फिटर होतो, आता निवृत्त. लेकाने हे फोनवर लिहायला शिकवलं म्हणून लिहितो. तुमच्या मंडळींचा ताडपत्रीचा सल्ला ऐकू नका, राग आला तर माझं नाव सांगा.

माझ्याकडे १९७८ ची पद्मिनी होती. शेड 'पुढच्या वर्षी' बांधू म्हणत एक पावसाळा तिच्यावर चांगली जाड ताडपत्री घातली, चारी बाजूंनी दोरीने आवळली. मला वाटलं गाडी कोरडी राहील. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जमिनीतून वाफ वर येते ती ताडपत्रीला लागते आणि थेंब होऊन परत गाडीवर. ऑक्टोबरात सोडली तेव्हा आतून भिजलेल्या गोणपाटासारखा वास. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर त्याबरोबर फ्लोअरच्या पत्र्याचे तुकडे वर आले, खाली गवत दिसलं. चालू गाडी होती हो. पाच महिन्यांत. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच चासी. फ्लोअर आणि दोन्ही बाजूंचे दरवाजांखालचे पत्र्याचे बॉक्स कुजले की गाडी गेली, इंजिन कितीही गोड वाजू दे.

म्हणून आधी शेड. आणि तुमच्या बेतातल्या तीन गोष्टी बदला.

वीट नको, चिरा घ्या. आपल्याकडे जांभा पायाशी मिळतो. आतून गिलावा करू नका, उघडा ठेवला तरी चालतो. तळाशी आणि छपराखाली समोरासमोर झरोके सोडा, त्यांना बारीक जाळी. दार पूर्वेला. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला आषाढाच्या आधी झापं बांधा.

पत्रा नको, मंगलोरी कौलं. पत्रा पहाटे घामेजतो आणि टपटपतो. कौलाखालून हवा खेळते. खर्च वाढेल, लाकडाचा जास्त. तिथे लोखंडी अँगल वापरा, वाळवीची कटकट पण मिटेल.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर घ्या आणि पुढे दहा-बारा फुटांचा सौम्य उतार करा, नाहीतर गाडीचं पोट घासेल. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट. तो कागद गवंडी विसरेल. विसरला नाही तर 'कशाला पायजे' म्हणेल. तुम्ही स्वतः उभे राहून टाकून घ्या, कारण जमिनीची ओल तोच अडवतो. लादीला दाराकडे किंचित उतार.

आणि १० बाय १६ म्हणजे गाडीची पेटी. पद्मिनी १३ फुटांच्या आसपास लांब, पाच फुटांहून थोडी कमी रुंद. दरवाजे उघडून बाजूला तुम्ही बसणार कुठे? निदान १४ बाय २०. भाताची उडवी शेजारी रचू नका, उंदीर येतात आणि वायरिंग खातात.

कोल्हापूरच्या गाडीबद्दल एकच विचारतो. ती नक्की कुठे उभी होती? २०१९ आणि २०२१ ला तिथे पाणी आलं होतं.

देवरुख-पुणे :

काका, खूप आभार. ताडपत्री बाद, घरी वाचून दाखवलं. गाडी कुठे उभी होती ते विचारतो. पण खड्ड्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत? गाडीखाली झोपून काम करायला जमणार नाही, पाठीचा त्रास आहे.

लांज्याचा फिटर :

डेपोत खड्डे होते, आयुष्य त्यात गेलं, म्हणून सांगतो, घरी नको. कोकणात जमिनीत चार फूट खाली गेलात की श्रावणात तिथे विहीर होते. भाद्रपदात बेडूक, मग बेडकाच्या मागे दुसरं कोणी. माझ्या मेव्हण्याच्या खड्ड्यात फुरसं निघालं होतं, त्याने पाय खाली सोडलाच होता. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते. त्यात कुणी दिवा घेऊन उतरला की संपलं.

पाठीसाठी बाहेर पक्क्या बांधकामाचे दोन रॅम्प करा, चाकांच्या अंतराने, खाली बसता येईल एवढे उंच. गाडी वर चढवा, खाली स्टुलावर बसून काम. आतल्यासाठी चांगल्या लोखंडी घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) घ्या, चार. आणि एक कायमचं लक्षात ठेवा, जॅकवर उचललेल्या गाडीखाली चिरा लावायचा नाही. चिरा दिसतो दगड, पण भार आला की बिस्किटासारखा फुटतो. माझ्या डोळ्यांसमोर फुटलाय. माणूस नशिबाने चहा प्यायला गेला होता.

हत्यारांचं सोपं आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट, तिचं सगळं एमएममध्ये. जीप किंवा जुनी अॅम्बॅसेडर घेतली असती तर इंची पाने लागले असते. १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ असे डबल पाने आणि तेच रिंगमध्ये. प्लग पाना, फीलर गेज, ग्रीस गन, टेस्ट लॅम्प. ग्रीस गन वापरायची, पुढच्या सस्पेन्शनचे निपल कोरडे ठेवायचे नाहीत. टॉर्क पाना नंतर, हेड उघडायची वेळ आली की. एबीसी पावडरचा अग्निशामक मात्र पहिल्या दिवशी. भिंतीवर हत्यारांची चित्रं काढून टांगण्याचे व्हिडिओ बघत बसू नका, एक जुनी लोखंडी ट्रंक पुरते.

करवीरची सून :

मी कोल्हापुरातच असते, आमच्या सासऱ्यांची पद्मिनी अजून चालवते (भवानी मंडपातून वळवताना हात भरून येतात, पॉवर स्टिअरिंगवाल्यांना कळायचं नाही). फिटरकाकांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. कौलं बघायला छान, पण माकडं असतील तर दर आठवड्याला दोन कौलं बदलावी लागतात. माझ्या माहेरी तेच चाललंय. माकडं नसतील तर काकांचं खरं.

कागदांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९८२ ची गाडी म्हणजे नंबर एमएचच्या आधीच्या मालिकेतला, तीन अक्षरांचा. असे नंबर कधीकधी ऑनलाइन दिसतच नाहीत, मग आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. ती मालकाच्या नावावर असतानाच करून घ्या, पैसे द्यायच्या आधी. मूळ आरसी बुक हातात घ्या, झेरॉक्स नको. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, प्रिंट काढा आणि बुकातल्या आकड्याशी एकेक अंक जुळवा. कर्जाचा शेरा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, शिवाय तुमचा आरटीओ रत्नागिरी, म्हणून इथली एनओसी.

'व्हिंटेज नंबर' घेऊ म्हणून कुणी गळ घातली तर ऐकू नका. २०२१ चा तो नियम ५० वर्षं झालेल्या गाड्यांना, तुमची २०३२ ला बसेल. नव्या नोंदणीला २० हजार फी, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. तुम्हाला गणपतीपुळ्याला जायचंय. त्यापेक्षा १५ वर्षांनंतरची नेहमीची पासिंग, दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर भरा आणि मोकळे व्हा.

गाडी बघायला येणार असाल तर कळवा. आमचा मेकॅनिक उद्यमनगरात आहे, बोअर, क्रँक, काही लागलं तरी तिथे होऊन जातं.

देवरुख-पुणे :

काल जाऊन आलो. आंबा घाटातून तीन तास. ताई सोबत आल्या होत्या, त्यांचा मेकॅनिकही.

मालक शिक्षक, निवृत्त. पाण्याचं विचारल्यावर आधी 'तसं काही नाही' म्हणाले. मेकॅनिकने मागच्या डाव्या दरवाजाचं पॅड खोललं. आत पत्र्यावर तळापासून चार बोटं उंचीवर एक सरळ पिवळट रेघ, तिच्याखाली बारीक चिखलाची साय. नखाने खरवडली तर पीठ झालं. मालकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, २०२१ ला जयंती नाल्याचं पाणी आलं होतं, पण सीटपर्यंत नाही. मला त्यांचा राग नाही आला, का कुणास ठाऊक.

मग जॅकची परीक्षा. मेकॅनिकने उजव्या बाजूला मधोमध जॅक लावून गाडी उचलली आणि दरवाजे उघडायला लावले. पुढचा उघडला, मिटला. मागचाही. डावीकडे तसंच केलं तर मागचा दरवाजा उघडला, पण मिटताना खाली अडकला. म्हणाला, डावा बॉक्स बसलाय, कापून नवा वेल्ड करावा लागेल, बाकी फ्लोअर टोचा मारून बघितलं तर घट्ट आहे. इंजिन हाताने फिरत नाही. ऑइलच्या काडीवर मात्र काळं ऑइल होतं, चहाच्या रंगाचं नाही, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही, असं त्याचं मत. चासी नंबर जुळला.

६० हजारांना ठरलं. ५ हजार इसार दिला. बॅकलॉग एंट्री ते करून देणार आणि गाडी दसऱ्यापर्यंत त्यांच्याकडेच राहणार. तोवर शेड. चिरे सोमवारी येतात. माकडं आमच्याकडे आहेत, म्हणून कौलांखाली जाळी टाकायचं ठरवलंय.

परळवाला :

६० ला १९८२ ची, जुळलेला नंबर, एक मालक. माझ्याकडून पेढे राहिले. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पद्मिनीचं अजून बरंच मिळतं, यादी पाठवा, मी शनिवारी जातोच.

लांज्याचा फिटर :

इसार दिलात, आता काय बोलणार. डावा बॉक्स कापाल तेव्हा दरवाजे जागेवर ठेवून, आतून आडवा अँगल वेल्डिंगच्या टाक्याने तात्पुरता जोडूनच कापायला सांगा. नाहीतर बॉडी वाकेल आणि दरवाजे आयुष्यभर बसणार नाहीत. टाकी आधी उतरवायची, वेल्डिंग नंतर. हे दोनदा सांगा, वेल्डर 'हो हो' म्हणतात.

इंजिन सेल्फ मारून सोडवायला कुणालाही देऊ नका. गुरुजींना फोन करून आजच चारही प्लग काढायला सांगा, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे पातळ ऑइल सोडा, प्लग हलके परत लावा आणि आठवडाभर तसंच ठेवा. मग गाडी टॉप गिअरला टाकून ढकलून पुढे-मागे हलवायची, इंच-इंच. सुटेल. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निश झालेलं असणार, ते काढून फेका. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवीन घ्या, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे. जुने रबर त्यात फुगतात. चाकांचे ब्रेक सिलिंडर जाम झालेले असतील, चारही चाकांना ड्रम आहेत, चारही उघडा.

परळवाले, यादीत दरवाजाचे रबर बीडिंग घाला, चार दरवाजे आणि डिकी. घेताना बोटाने दाबून बघा, कडक असेल तर तो माल दुकानात दहा वर्षं पडलेला आहे.

आणि देवरुखकर, गवंडी प्लास्टिकचा कागद घालेल तेव्हा फोटो टाका इथे.