मदत हवी आहे: सामान भरल्यावर स्टिअरिंग हलके लागते

वाटसरू: परवा पहाटे निघायचे आहे. काल संध्याकाळी सगळे सामान भरून एक फेरी मारली, तेव्हा गाडी मागून दबलेली वाटली, स्टिअरिंग नेहमीपेक्षा हलके लागले आणि समोरून येणारे सारखे डिपर मारत होते. सामान तीनदा काढून पुन्हा भरले, तरी फरक नाही. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘सामान कमी करा’ हे उत्तर नको.

जुना चालक: गाडी कोणती, माणसे किती आणि सर्वांत जड वस्तू कोठे ठेवली आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

वाटसरू: हॅचबॅक आहे आणि आम्ही पाच मोठी माणसे आहोत. पुस्तकांची दोन भरलेली खोकी डिकीच्या दाराशी ठेवली आहेत, कारण पोहोचल्यावर आधी तीच उतरवायची आहेत.

जुना चालक: मग कारण तेच आहे. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते. गाडी मागून दबते, पुढची चाके उचलल्यासारखी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. खोकी डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवा आणि त्या पाठीचे खटके पक्के बसले आहेत ना, हे हाताने ओढून पाहा.

मोकळा रस्ता: इतका खटाटोप कशाला? टपावर कॅरियर बसवून खोकी वर बांधावीत. मी नेहमी असेच करतो.

जुना चालक: कृपया असे करू नका. पुष्कळ लहान गाड्यांच्या टपाची मर्यादा ५० ते ७५ किलो असते आणि त्यात कॅरियरचे वजनही धरायचे असते. शिवाय वजन वर गेले की वळणावर गाडी अधिक झुकते. टपावर फक्त हलके सामान ठेवावे.

मोकळा रस्ता: मला कधी त्रास झाला नाही, दोरी मात्र घट्ट हवी.

हवा-पाणी: टायरमधील हवेबद्दल कोणीच बोलत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड तक्ता असतो. त्यातील पूर्ण भाराचा आकडा पाहून, टायर थंड असतानाच हवा भरावी.

स्टेपनी: आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. माझी स्टेपनी सामानाखाली होती. भर पावसात पंक्चर झाले आणि बारा बॅगा रस्त्याच्या कडेला चिखलात उतरवाव्या लागल्या. जॅक आणि धोक्याचा त्रिकोण तरी हाताशी ठेवा.

जुना चालक: मागच्या काचेखालच्या फळीवर काही ठेवले आहे का?

वाटसरू: पाण्याचा दहा किलोचा कॅन आहे.

जुना चालक: तो आजच खाली घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर त्या कॅनचा धक्का सुमारे २०० किलो वजनाइतका बसेल, आणि तोही मागे बसलेल्यांच्या डोक्यांवर.

वाटसरू: कॅन पायांपाशी घट्ट बसवला आणि खोकी पुढे सरकवली. मागची बाजू दोन बोटे वर आली आणि स्टिअरिंगही पूर्वीसारखे लागते. पण हेडलाइटचा झोत वर-खाली करणारे चक्र ० वर आहे, ते कितीवर ठेवू?

जुना चालक: आकडा वाढला की झोत खाली येतो. पूर्ण भारासाठी कोणता आकडा, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि रात्री सर्वांना बसवून भिंतीसमोर झोत तपासा.