डेथ मॅग्नेटिक फाटल्यासारखा का वाजतो? आमच्या डेमोत तेच होऊ नये म्हणून काय करायचं?

विश्रामबाग_रिफ (सांगली)

मंडळी, अमेरिकन मेटल बँड मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमबद्दल विचारायचंय. २००८ ची मूळ सीडी आहे, तिच्यावरून फ्लॅक (आवाजाची प्रत न घटवणाऱ्या) फाईल काढल्यात. 'द डे दॅट नेव्हर कम्स'चा सुरुवातीचा साध्या गिटारचा भाग झकास वाजतो, पण गाणं तापलं की किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याठोक्याला चरचर येते. हेडफोन, गाडीतले स्पीकर, घरचा अ‍ॅम्प, सगळीकडं तेच. ट्रेबल उतरवला तर गिटार बसते, चरचर काय जात नाही.

आमचा चौघांचा बँड यातली दोन गाणी बसवतोय आणि दिवाळीनंतर आमच्याच तीन गाण्यांचा डेमो इथं सांगलीतच करायचाय. स्टुडिओवाल्यांनी रेफरन्स (आवाज कसा हवा त्याचा नमुना) मागितला तर सगळ्यांच्या तोंडी हाच अल्बम आहे. तो द्यावा का? आणि अजून एक: अल्बमबरोबर वाजवलं की सूर जुळतात, बँडच्या लाइव्ह व्हिडिओबरोबर वाजवलं की अर्धा स्वर वर जातोय. असं का?

तरफ_मिरज

फाईल बरोबर आहे, स्पीकरही बरोबर आहेत. चरचर सीडीतच आहे.

डिजिटल आवाजाला कमाल पातळी असते, शून्य डीबी (डेसिबल). त्याच्या वर जागाच नाही. अल्बम मोठ्ठा वाजावा म्हणून सरासरी आवाज वर ढकलत गेलं की किक आणि स्नेअर (काड्यांनी वाजवायचा करकरीत ड्रम) यांचे शेंडे त्या छताला धडकतात आणि छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ वाद्यात नसलेले स्वर तयार होतात, तीच तुमची चरचर. ते स्वर खालपासून वरपर्यंत सगळीकडं पसरलेले असतात, म्हणून इक्वलायझरनं निघत नाहीत. गाडीत बास वाढवून ऐकत असाल तर तो आधी शून्यावर आणा. आधीच छताला टेकलेल्या सिग्नलला अजून वर ढकलताय तुम्ही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये फ्लॅक उघडा, 'व्ह्यू'मधलं 'शो क्लिपिंग' चालू करा आणि जोरातल्या भागावर एकेक सॅम्पल (लाटेचा एकेक ठिपका) दिसेपर्यंत झूम करा. लाल रेघा दिसल्या नाहीत तरी फसू नका. शेंडे छाटून झाल्यावर सगळी पातळी थोडी खाली ओढलेली असली तर प्रोग्रामला शून्य सापडत नाही आणि तो लाल रेघ मारत नाही, पण सपाटी तिथंच असते. एमपी३ वर ही तपासणी करू नका. एमपी३ उलगडताना लाटेचा आकार बदलतो, सपाट शेंडे वाकडे दिसतात आणि निष्कर्ष चुकतो.

आकडाच हवा असेल तर फूबार२००० या प्लेअरमध्ये डायनॅमिक रेंज मीटर टाका. तो गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतो, त्यातले सर्वांत जोरातले २० टक्के घेतो आणि त्यांची सरासरी व शेंडा यातलं अंतर सांगतो. आकडा जितका कमी तितका दाब जास्त. या सीडीला ३ मिळतात. त्याच बँडचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' मूळ सीडीवरून मोजून बघा, फरक लगेच कळेल.

अजिंक्यतारा_८८ (सातारा)

झूम केल्यावर लाट पाचगणीच्या टेबललँडसारखी दिसते, वरून सपाट आणि कडेला कडा. एकदा पाहिलं की विसरत नाही.

ऑडॅसिटीतला 'क्लिप फिक्स' वापरून दुरुस्ती करायचा विचार मनात येईल. थ्रेशोल्ड (किती पातळीच्या वरचं छाटलेलं धरायचं ते) ९५ टक्के आणि पातळी ९ डीबीनं कमी, हे त्याचं ठरलेलं सेटिंग. आधी वीस सेकंदांवर करून बघा. एखाददुसरा शेंडा तुटला असेल तर तो छान भरून काढतो, पण इथं शेंड्यामागून शेंडे सपाट आहेत. मधे काय होतं हे त्याला ओळखता येत नाही, आणि चरचर जाऊन तिथं टिकटिक येते. अख्ख्या ७५ मिनिटांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठ_बेस

दोष कुणाचा यावरून अजूनही वाद होतो, आणि तुमच्या डेमोसाठी तोच मुद्दा महत्त्वाचा आहे. निर्माता रिक रुबिन, मिक्सिंगला (सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला) ग्रेग फिडलमन, मास्टरिंगला (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायला) टेड जेन्सन. सगळ्यांनी जेन्सनला धरलं. त्याचं म्हणणं असं की मिक्स त्याच्याकडं आले तेव्हाच ते छताला घट्ट टेकलेले होते. याला पुरावाही निघाला. अल्बम आला त्याच वेळी 'गिटार हीरो' या गेमसाठी गाणी उतरवून घ्यायला ठेवली होती. गेमला वाद्यं वेगवेगळी लागतात, त्यामुळं शेवटची दाबादाबी होण्याआधीचा माल तिकडं गेला होता. त्या आवृत्तीत किक मोकळा आहे आणि स्नेअरला अंग आहे. म्हणजे वाजवणं उत्तम होतं, रेकॉर्डिंगही उत्तम होतं. बिघडलं ते नंतर. चाहत्यांनी पुन्हा मिक्स करा म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीमसुद्धा चालवली.

आता काय ऐकायचं? २०१५ मध्ये आयट्यून्ससाठी नवं मास्टर आलं, त्यात दाब कमी आहे. चमत्कार नाही, पण किक ऐकवतो. व्हायनलला (रेकॉर्डच्या तबकडीला) मीटरवर जास्त आकडा येतो म्हणून ते मागवू नका. व्हायनलवरून डिजिटल करताना लाटेची फेज (वेगवेगळ्या स्वरांची एकमेकांशी वेळ) सरकते, सपाट शेंडे उंचसखल होतात आणि मीटर फसतो. तेवढ्यावरून मास्टर वेगळं आहे असं ठरत नाही.

दोन आवृत्त्या ताडताना दोन्ही 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'नं उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणा, मगच ऐका. नाहीतर जी मोठी वाजते तीच कानाला चांगली वाटते.

विश्रामबाग_रिफ

सगळ्यांचे आभार. म्हणजे रेफरन्स म्हणून हा नकोच?

तरफ_मिरज

रचनेसाठी जरूर द्या. सात-आठ मिनिटांची गाणी, मधेच रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) पलटणं, सोलो परत आणणं, हे सगळं या अल्बमनं जुन्या थ्रॅशला (वेगवान मेटलला) शोभेल असं केलंय, आणि तेही बँडला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर. रॉबर्ट ट्रुहियोनं बेस वाजवलेला त्यांचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. 'माय अपोकलिप्स'ला ग्रॅमी मिळालं ते उगीच नाही. पाच मिनिटांत इतका घट्ट बसलेला उजवा हात नव्या बँडांत कमीच ऐकायला मिळतो. फक्त आवाजाच्या पातळीसाठी हा अल्बम देऊ नका. त्यासाठी 'पपेट्स'च्या जुन्या सीडीचा मोकळेपणा आणि आजकालच्या एखाद्या स्वच्छ मिक्सचा किक, असं वेगवेगळं सांगा.

कृष्णाकाठ_बेस

डेमोचं मी सांगतो.

२४ बिटवर घ्या आणि प्रत्येक चॅनेलचा शेंडा उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मधे ठेवा. २४ बिटला तळाशी भरपूर जागा असते, लाल दिव्यापर्यंत जायची गरजच नसते.

गिटारचा गेन (अ‍ॅम्पवरची डिस्टॉर्शनची पातळी) स्टेजवर ठेवता त्यापेक्षा बराच कमी ठेवा. एकच रिफ दोनदा वाजवून एक पूर्ण डावीकडं आणि एक पूर्ण उजवीकडं टाकली की कमी गेनमध्येही भिंत उभी राहते. गेन जास्त असला तर पाम म्यूटचा (तळहातानं दाबून वाजवलेल्या तारांचा) ठोका विरघळतो आणि मग तो वर आणायला माणूस आवाज वाढवत जातो. सगळ्या रोगाचं मूळ इथंच असतं. माइक स्पीकरच्या कोनच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. बोटभर आत सरकवला तर कर्कश होतो, बाहेर नेला तर बोथट. जागा बदलत बदलत हेडफोनवर ऐका, इक्वलायझरला हात त्यानंतर.

मिक्समध्ये गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ती जागा बेस आणि किकची. २५० ते ४०० मध्ये चिखल साचतो, विशेषतः स्लॅबच्या बुटक्या खोलीत रेकॉर्ड केलं असेल तर. किकचा थ्रॅशी 'टिक' ४ ते ५ हजार हर्ट्झवर सापडतो. तो मिळाला की किक मोठा न करताही पुढं येतो. बेस दोन ट्रॅकवर फोडा, खालचा स्वच्छ आणि वरचा डिस्टॉर्शनचा. सगळ्या बेसला डिस्टॉर्शन दिलं तर खालचं अंग जातं.

मास्टरला देताना मिक्सचा शेंडा उणे ६ ते उणे ३ असावा आणि मुख्य चॅनेलवरचा लिमिटर (शेंडे छताखाली दाबणारं साधन) बंद असावा. स्टुडिओवाला म्हणेल, "क्लायंटला मोठं ऐकवायला लागतंय." ऐकवायला वेगळी फाईल काढा, मास्टरिंगला वेगळी.

शेवटच्या लिमिटरनं ठोक्यावर दोन-तीन डीबीपेक्षा जास्त दाबू नये. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) फार जलद ठेवू नका. ६० हर्ट्झच्या किकची एक लाट जवळपास १७ मिलिसेकंदांची असते, रिलीज त्याहून कमी झाला की लिमिटर लाटेच्या आतच वरखाली करायला लागतो आणि तुम्ही ऐकताय तशीच चरचर येते. छत उणे १ डीबी, ट्रू पीक (सॅम्पलच्या मधला खरा शेंडाही) मोजून. सरासरी उणे १० एलयूएफएसच्या आसपास थ्रॅशला पुरते. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४ वर आणून वाजवतं. उणे ५ वर दाबलेलं गाणं तिथं फक्त खाली ओढलं जातं, शेंडे मात्र कायमचे गेलेले असतात.

अजिंक्यतारा_८८ (सातारा)

ट्यूनिंगचं राहिलं. अल्बममधली बहुतेक गाणी साध्या ई ट्यूनिंगमध्ये आहेत, पण बँड स्टेजवर सगळं अर्धा स्वर खाली वाजवतो. गायकाचा गळा वाचतो. तुम्ही ई मध्ये बसवून लाइव्ह व्हिडिओ लावला की अर्धा स्वर वर जाणारच. व्हिडिओवरून शिकायचं असेल तर सगळ्या सहा तारा अर्ध्या स्वरानं उतरवा, १० ते ४६ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) संच त्याला चालतो. तारा फडफडायला लागल्या तर ११ चा घ्या, पण मग गिटारची मान थोडी वाकेल आणि ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा आवळावा लागेल. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर खाच रुंद करून घ्यावी लागते. ते काम बारीक कानशीचं आहे, आणि मिरजेत सतारमेकर गल्लीत तारवाद्यांवर हात बसलेली माणसं आहेत. जाताना नवीन तार बरोबर घेऊन जा, खाच तिच्या मापानंच करायची असते.

विश्रामबाग_रिफ

नट प्लास्टिकचा आहे. चालेल?

तरफ_मिरज

चालेल, पण प्लास्टिक लवकर खोल जातं. एकदम मापाला आणू नका, थोडं घासून तार बसवून बघायची, मग पुन्हा थोडं. खाच फार खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून खुळखुळते, मग नटच बदलावा लागतो. बदलायची वेळ आलीच तर हाडाचा टाका.